क्वांटम उंचीचे पठार: नॅनोवायरमधला मायोराना दावा कुठे तुटतो (प्रकरण अभ्यास)

मार्च २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाचा एक लेख प्रसिद्ध झाला. इंडियम अँटिमोनाइडची नॅनोवायर, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, टोकाशी टनेल बॅरियर (इलेक्ट्रॉनांना फक्त क्वांटम टनेलिंगने ओलांडता येणारा अडथळा), वायरला समांतर चुंबकीय क्षेत्र आणि फ्रिजचे तापमान सुमारे २० मिलिकेल्विन. या मांडणीत शून्य बायसला (लावलेले व्होल्टेज शून्य असताना) कंडक्टन्सचे, म्हणजे विद्युतवहनक्षमतेचे, शिखर उभे राहते, त्याची उंची नेमकी २ई²/एच भरते (ई हा इलेक्ट्रॉनचा प्रभार, एच हा प्लांकचा स्थिरांक), आणि टनेल गेट (बॅरियरची उंची ठरवणारे विद्युत्-अग्र) किंवा क्षेत्र बदलले तरी ती ढळत नाही, असा दावा होता. मायोराना शून्य अवस्थेसाठी, म्हणजे अतिसंवाहक वायरच्या टोकाला शून्य ऊर्जेवर बसणाऱ्या, ‘अर्ध्या इलेक्ट्रॉना’सारख्या अवस्थेसाठी, सिद्धांताने सांगितलेला आकडा हाच. मार्च २०२१ मध्ये लेखकांनी लेख मागे घेतला.

या प्रकरणात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. उंची खरोखर तेवढी होती का, हा पहिला. आणि ती तेवढी असतीच, तरी त्यावरून मायोराना सिद्ध झाला असता का, हा दुसरा. लेख मागे गेला तो पहिल्या प्रश्नामुळे, आणि चर्चाही बहुतेक त्याचीच झाली. पण दुसऱ्याचे उत्तरही ‘नाही’ असेच आहे. आज नवीन डिव्हाइस मोजायला घेणाऱ्याने आधी दुसरा प्रश्न समजून घ्यावा, कारण पहिल्यातली चूक काळजीने टाळता येते. दुसऱ्यातली चूक कितीही काळजीपूर्वक मोजले तरी तशीच राहते.

डिव्हाइस आणि अपेक्षा

मूळ कल्पना २०१० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली: लुचिन, साऊ आणि दास सर्मा यांनी एकीकडे, ओरेग, रेफेल आणि फॉन ऑपेन यांनी दुसरीकडे. प्रबळ स्पिन-ऑर्बिट जोडणी (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि गती यांची जोडणी) असलेली अर्धसंवाहक वायर घ्यायची, चिकटलेल्या अतिसंवाहकाकडून तिच्यात गॅप (इलेक्ट्रॉन-अवस्था नसलेला ऊर्जापट्टा) उतरू द्यायची आणि वायरच्या दिशेने क्षेत्र लावायचे. झीमन ऊर्जेचा (क्षेत्रामुळे स्पिनला मिळणाऱ्या ऊर्जेचा) वर्ग हा गॅपचा वर्ग आणि रासायनिक विभवाचा (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात त्या पातळीचा) वर्ग यांच्या बेरजेपेक्षा मोठा झाला की वायर टोपोलॉजिकल होते, म्हणजे लहानसहान बदलांनी न मोडणाऱ्या अवस्थेत जाते, आणि दोन टोकांना एकेक मायोराना अवस्था बसते.

ही अट आकड्यांत घालून पाहणे उपयोगाचे आहे. नुसत्या इंडियम अँटिमोनाइडचा जी-गुणक (क्षेत्राला स्पिन किती प्रतिसाद देतो तो आकडा) ४० ते ५० असतो. अ‍ॅल्युमिनियमशी घट्ट जोडल्यावर तरंगफलनाचा काही भाग धातूत शिरतो आणि परिणामी जी-गुणक खाली येतो. तो २० धरू, गॅप ०.२ मिलीईव्ही (मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरू. मग रासायनिक विभव नेमका शून्यावर असेल तर संक्रमण सुमारे ०.३५ टेस्लाला अपेक्षित आहे. ०.८ टेस्लाला झीमन ऊर्जा ०.४६ मिलीईव्ही होते, म्हणजे रासायनिक विभव उपपट्ट्याच्या (वायरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या एका ऊर्जापट्ट्याच्या) तळापासून ०.४२ मिलीईव्हीच्या आत असेल तरच अट पाळली जाईल. वायरमधल्या अशुद्धी, पृष्ठभागावर अडकलेला प्रभार आणि गेटच्या कडांचे क्षेत्र मिळून विभवात सहज त्याहून मोठे चढउतार करू शकतात. शिवाय वायरमध्ये उपपट्टे अनेक असतात आणि गेटचे व्होल्टेज त्यातल्या कोणत्या उपपट्ट्यावर किती परिणाम करते हे थेट दिसत नाही. संपूर्ण लांबीभर एकसारखी टोपोलॉजिकल अवस्था मिळणे हे डिव्हाइसकडून फार मोठे मागणे आहे. एखाद्या कोपऱ्यात अट स्थानिक पातळीवर भागणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

बॅरियरची रचनाही ध्यानात घ्यावी. सामान्य धातूचा संपर्क आणि अ‍ॅल्युमिनियमची कड यांच्यामध्ये साधारण १०० ते २०० नॅनोमीटर वायर उघडी असते आणि तिच्याखालचे गेट बॅरियर उभारते. अ‍ॅल्युमिनियमची कड जिथे संपते तिथे धातूचे कार्यफलन वायरची पट्टी वाकवते. या उघड्या तुकड्यात नको असताना क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन अडकवणारा छोटा खळगा) तयार होतो, किंवा विभव एकदम न चढता हळुवार चढतो. पुढे ज्या बनावट सह्या (मायोरानासारख्या भासणाऱ्या खुणा) दिसणार आहेत त्यांतल्या बऱ्याच इथेच जन्मतात.

उंचीवर एवढा भर का होता, हेही सांगायला हवे. २००९ मध्ये लॉ, ली आणि एनजी यांनी दाखवले की एका चॅनलमधून एकाकी मायोराना अवस्थेत टनेल करताना इलेक्ट्रॉनचे होलमध्ये (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेत) पूर्ण परावर्तन होते, आणि शून्य तापमानाला कंडक्टन्स २ई²/एच मिळतो, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्स. बॅरियर किती जाड आहे यावर तो अवलंबून नसतो. जाडीने फक्त शिखराची रुंदी बदलते. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पहिल्या प्रयोगात शिखर होते, पण त्याची उंची या आकड्याचा लहानसा अंश होती आणि गॅपच्या आत बरीच पार्श्वभूमी वाहत होती. त्यानंतर वायरवरच वाढवलेल्या अ‍ॅल्युमिनियममुळे गॅप स्वच्छ झाली. त्यामुळे २०१८ मध्ये पूर्ण उंची दिसल्यावर अनेकांना कोडे सुटल्यासारखे वाटले.

आकडा कुठे तुटला

पूर्वी या गटात असलेले व्हिन्सेंट मूरिक आणि त्यांच्याबरोबर सर्गेई फ्रोलोव्ह यांनी मूळ डेटा मागवून तपासला. गेट व्होल्टेजची पूर्ण श्रेणी काढून पाहिल्यावर लेखात दाखवलेल्या त्रुटीपट्ट्याच्या बाहेर जाणारे बिंदू दिसले. एका आकृतीत प्रभार-उड्यांसाठी (अडकलेला प्रभार अचानक हलल्याने येणाऱ्या उड्यांसाठी) डेटा दुरुस्त केला होता, पण तसे लिहिलेले नव्हते. माघारीच्या निवेदनात लेखकांनी पुरेशी वैज्ञानिक काटेकोरता नव्हती हे मान्य केले. जानेवारी २०२१ मध्ये त्याच डिव्हाइसांची सुधारित मांडणी प्रकाशनपूर्व स्वरूपात आली. तिच्यात ०.७ ते ०.९ टेस्लामध्ये मोठी शिखरे आहेत, उंची २ई²/एचच्या पातळीची आहे, आणि अर्थ लावताना अव्यवस्थेतून येणाऱ्या अवस्था, आंद्रेयेव्ह बद्ध अवस्था (अतिसंवाहकाजवळ गॅपच्या आत अडकलेल्या साध्या अवस्था) आणि मायोराना या तिन्ही शक्यता समोर ठेवल्या आहेत. अपेक्षेत न बसणारा डेटा लेखकांना दिसेनासा झाला होता, असा बाह्य तज्ज्ञांच्या अहवालाचा सूर होता. हे वाक्य गंभीरपणे घ्यायला हवे: निवड करण्यासाठी खोटेपणा लागत नाही. शेकडो गेट-स्थितींमधून ‘चांगली’ स्थिती शोधायची आणि चांगलेपणाचा निकष ‘२ई²/एचजवळ सपाट’ असा ठेवायचा, की सपाट पठार सापडणारच.

कॅलिब्रेशनची बाजूही हलकी नाही. २ई²/एच म्हणजे १२.९ किलोओहम. डायल्यूशन फ्रिजच्या फिल्टर लावलेल्या तारांचा रोध काही किलोओहम असतो आणि दोन-टोकी मोजणीत तो वजा करावा लागतो. वजाबाकीत ५०० ओहम राहून गेले तर पूर्ण उंचीचे शिखर ०.९६ दिसते, ५०० ओहम जास्त वजा झाले तर १.०४. म्हणजे ‘दोन-तीन टक्क्यांच्या आत क्वांटाइज्ड’ असे म्हणायचे असेल तर मालिकेतला रोध ३०० ओहमपेक्षा चांगला माहीत असायला हवा, आणि तोही थंड अवस्थेतला. दुसरी चूक लॉक-इनची (ठरावीक वारंवारतेचा लहान एसी संकेत मोजणाऱ्या उपकरणाची): तारांची धारिता आणि करंट अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवेश-रोध यांमुळे एसी संकेताची पातळी वारंवारतेनुसार बदलते, आणि डिव्हाइसचा कंडक्टन्स वाढला की हा बदलही वाढतो. याला सोपा उपाय आहे. प्रत्येक ठिकाणी डीसी करंटही नोंदवा, त्याचा बायसच्या संदर्भात अंकीय अवकलज काढा आणि लॉक-इनच्या वक्रावर ठेवून पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर लॉक-इनचा आकडा वापरायचा नाही. डिव्हाइसच्या जागी माहीत असलेला १३ किलोओहमच्या आसपासचा रोध लावून त्याच वारंवारतेला तपासणे ही दुसरी खात्री. एसी उत्तेजन ५ मायक्रोव्होल्टच्या आसपास ठेवावे. ५० मिलिकेल्विन इलेक्ट्रॉन-तापमानाला शिखराची औष्णिक रुंदीच सुमारे १५ मायक्रोईव्ही असते, आणि मोठे उत्तेजन तिच्यात आणखी भर घालते.

आकडा बरोबर असता तरी

समजा, पठार निर्दोष आहे. गॅपच्या खालची कोणतीही साधी आंद्रेयेव्ह अवस्था दोन मायोराना घटकांत मोडून लिहिता येते. हे नुसते बीजगणित आहे, त्यात टोपोलॉजी नाही. सामान्य अवस्थेत हे दोन घटक एकाच जागी बसलेले असतात, त्यांची आपसातली जोडणी मोठी असते, म्हणून ऊर्जा शून्यापासून दूर राहते. लीड (मोजणीसाठी जोडलेला सामान्य धातूचा संपर्क) दोघांनाही सारखाच स्पर्श करतो, म्हणून उंचीला कोणतेही विशेष मूल्य नसते.

आता बॅरियरजवळचा विभव हळुवार चढणारा आहे असे धरा. क्षेत्रामुळे दोन स्पिन-शाखा वेगळ्या झालेल्या आहेत, आणि प्रत्येक शाखा स्वतःपुरती एकेक मायोराना घटक टोकाशी बसवू शकते. दोन शाखांचे फर्मी संवेग वेगळे असतात. एकाएकी चढणारा विभव त्या शाखांना एकमेकांत मिसळतो; हळुवार विभवात तेवढा मोठा संवेग देण्याची क्षमता नसते. त्यामुळे दोन्ही घटक एकाच टोकाला, एकमेकांवर पसरलेले असूनही जवळजवळ जोडलेले नसतात आणि ऊर्जा शून्याला चिकटून राहते. केल्स, मैदान आणि ब्राउवर यांनी २०१२ मध्येच हे दाखवले होते.

निर्णायक गोष्ट पुढची आहे. दोन्ही घटकांचे स्पिन उलटे आहेत, म्हणून त्यांना दिसणाऱ्या बॅरियरच्या उंचीत झीमन ऊर्जेच्या दुप्पट फरक पडतो. टनेलिंग उंचीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. परिणाम असा की लीड एका घटकाला व्यवस्थित स्पर्श करतो आणि दुसरा त्याच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसतो. मग शिखर २ई²/एच उंचीचे येते, आणि टनेल गेटच्या बऱ्यापैकी मोठ्या पट्ट्यात ते तिथेच थांबते. वाइक, नाइहोल्ट, अखमेरोव्ह आणि विमर यांनी २०१९ मध्ये यांना ‘क्वासी-मायोराना’ अवस्था म्हणून सविस्तर मांडले आणि दाखवले की पूर्ण उंची, ४पाय जोसेफसन परिणाम (अतिसंवाहक संधीतल्या प्रवाहाचे नेहमीच्या दुप्पट आवर्तन) आणि क्वांटम डॉटशी जोडल्यावरचा वर्णपट या तिन्ही सह्या त्या हुबेहूब देतात. वायरचा मधला भाग टोपोलॉजिकल आहे की नाही, याच्याशी यांतल्या एकाही सहीचा संबंध राहत नाही.

तापमान यात आणखी गोंधळ घालते. समजा लीड एका घटकाशी ५० मायक्रोईव्हीने जोडला आहे आणि दोन घटकांमधली विभागणी (जोडणीमुळे शून्यापासून पडणारे ऊर्जेचे अंतर) ५ मायक्रोईव्ही आहे. शून्य तापमानाला शिखराच्या मध्यभागी दरी पडायला हवी, पण तिची रुंदी ढोबळमानाने विभागणीचा वर्ग भागिले जोडणी, म्हणजे अर्धा मायक्रोईव्ही असते. ५० मिलिकेल्विनची औष्णिक ऊर्जा ४.३ मायक्रोईव्ही आहे. दरी पूर्ण पुसली जाते आणि उरते ते स्वच्छ, न दुभंगलेले शिखर. ‘विभागणी दिसत नाही’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. किती विभागणी दिसू शकली असती, तो आकडा सोबत द्यायला हवा.

जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आलेल्या फ्रोलोव्ह यांच्या गटाच्या प्रयोगाने हे कागदावरून प्रत्यक्षात आणले: मायोराना नसलेल्या अवस्थांपासूनही जवळजवळ पूर्ण उंची मिळते.

कोणती मोजणी काय ठरवते

आधी गॅप तपासा. बॅरियर इतका चढवा की गॅपबाहेरचा कंडक्टन्स २ई²/एचच्या एक दशांश होईल. बॅरियरमध्ये एकच चॅनल असेल आणि गॅप रिकामी असेल, तर आतला कंडक्टन्स बाहेरच्यापेक्षा सुमारे १८ पट कमी असायला हवा. तो तीन-चार पटच कमी असेल तर गॅपमध्ये अवस्थांची गर्दी आहे आणि पुढच्या कोणत्याही शिखराचा अर्थ लावणे कठीण होईल. ही तपासणी शून्य क्षेत्राला करून थांबू नये. ज्या क्षेत्रात शिखर दिसते तिथेही करावी. तिथे गॅप मऊ झालेली आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

शून्य क्षेत्रातही शिखर दिसले तर ते कोंडो परिणामाचे (डॉटमधला एकटा स्पिन धातूतल्या इलेक्ट्रॉनांशी जोडल्याने येणारे) किंवा डॉटमधल्या अवस्थेचे असण्याची शक्यता आधी घ्यावी. क्षेत्र वायरच्या दिशेपासून वळवून पाहणे उपयोगी आहे, पण कमी उपयोगी: स्पिन-ऑर्बिटच्या दिशेने वळवल्यावर मायोराना शिखर नाहीसे व्हायला हवे हे खरे, मात्र साध्या आंद्रेयेव्ह अवस्थाही त्याच स्पिन-ऑर्बिट जोडणीत राहतात आणि कोनानुसार तशाच वागू शकतात. तापमान वाढवताना उंची कशी घसरते, याचाही हाच दोष आहे. खरी मायोराना आणि क्वासी-मायोराना दोघीही एकाच वक्रावर घसरतात.

टनेल गेटची पूर्ण श्रेणी ही स्थानिक मोजण्यांतली सर्वांत बोलकी. पठाराचा तुकडा न काढता, बॅरियर जवळजवळ बंद असल्यापासून पूर्ण उघडा होईपर्यंतचे सगळे बिंदू घ्या, आडव्या अक्षावर गॅपबाहेरचा कंडक्टन्स आणि उभ्या अक्षावर शून्य-बायस कंडक्टन्स ठेवा. एका चॅनलच्या पट्ट्यात बिंदू २ई²/एचच्या वर सलग चढत गेले तर एकाकी मायोरानाचा दावा तिथेच संपतो, कारण दुसरा घटक जोडला जाऊ लागला आहे आणि कंडक्टन्स ४ई²/एचकडे निघाला आहे. खऱ्या मायोरानात बॅरियर पूर्ण उघडल्यावर शिखराच्या जागी २ई²/एचवर तळ असलेली दरी दिसायला हवी. क्वासी-मायोरानापासून वेगळी ठरणारी स्थानिक खूण म्हणून वाइक आणि सहकाऱ्यांनी हीच सुचवली. अडचण एवढीच की गेट तितके उघडताना शेजारचा विभवही बदलतो, म्हणजे अवस्था तीच राहिली आहे का, याची खात्री कमी होते. म्हणून टनेल गेट हलवताना बाजूच्या प्लंजर गेटने (वायरमधला रासायनिक विभव बदलणाऱ्या गेटने) भरपाई करणे आणि अवस्था वर्णपटात सतत नजरेत ठेवणे आवश्यक आहे.

इथपर्यंतचे सगळे एका टोकाचे. मायोराना हा मात्र दोन टोकांचा आणि मधल्या गॅपचा गुण आहे. २०१८ च्या प्रकरणातली खरी उणीव इथे होती: डिव्हाइसच्या दुसऱ्या टोकाकडून कोणताच पुरावा नव्हता.

म्हणून तीन-टोकी डिव्हाइस हवे. अ‍ॅल्युमिनियम जमिनीला, दोन्ही टोकांना सामान्य लीड, प्रत्येकाला स्वतंत्र करंट अ‍ॅम्प्लिफायर. चार आकडे मोजायचे: डावीकडे व्होल्टेज लावून डावीकडचा आणि उजवीकडचा करंट, मग उजवीकडे लावून दोन्ही. दोन्ही लीडना वेगवेगळी लॉक-इन वारंवारता दिली तर चारही एकाच वेळी मिळतात. इथेही तारांचा रोध नडतो, कारण सामाईक जमिनीचा रोध शून्य नसेल तर डावीकडचे व्होल्टेज उजवीकडे गळते आणि खोटा आडवा (एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा) संकेत देते. चार आकड्यांचा तक्ता एकत्र उलटवून ही दुरुस्ती करावी. एकेका आकड्याला वेगळी दुरुस्ती चालत नाही.

पहिली अट: क्षेत्र आणि प्लंजर यांच्या त्याच भागात दोन्ही टोकांना शून्य-बायस शिखर हवे, आणि दोन्ही बॅरियरच्या अनेक मांडण्यांत ते टिकायला हवे. क्वासी-मायोराना टोकाच्या विभवावर जगते, म्हणून बहुधा एकाच बाजूला दिसते. दुसरी अट अधिक कठोर: आडवा कंडक्टन्स वायरच्या मधल्या गॅपचा माग घेतो, आणि शिखरे जिथे उगवतात तिथे ती गॅप मिटून पुन्हा उघडायला हवी. रोसडाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही कल्पना मांडली. लांबीही पुरेशी हवी. एक मायक्रोमीटर वायर आणि ३०० नॅनोमीटर सुसंगती-लांबी (अवस्था टोकापासून वायरमध्ये जितकी आत पसरते ती लांबी) असेल तर दोन टोकांमधली विभागणी ढोबळमानाने गॅपच्या साडेतीन टक्के उरते, म्हणजे ०.२ मिलीईव्हीच्या गॅपमागे ७ मायक्रोईव्ही. वर पाहिले त्याप्रमाणे एवढी विभागणी तापमानात लपू शकते.

मायक्रोसॉफ्टच्या गटाने हेच निकष आधी ठरवलेल्या नियमावलीत बांधले आणि २०२३ मध्ये इंडियम आर्सेनाइड-अ‍ॅल्युमिनियमच्या डिव्हाइसांनी ती पार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यात कमाल टोपोलॉजिकल गॅप २० ते ६० मायक्रोईव्ही दिली आहे आणि चुकीच्या होकाराची शक्यता ८ टक्क्यांहून कमी असल्याचे म्हटले आहे. निकष मोजणीच्या आधी लिहून ठेवणे हे २०१८ च्या निवडीच्या चुकीवरचे थेट औषध आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्याच वर्षी हेस, लेग, लॉस आणि क्लिनोवाया यांनी दाखवले की लांब वायरमध्ये विखुरलेल्या आंद्रेयेव्ह अवस्थांची एक साधी पट्टी बनली, तर गॅप मिटून पुन्हा उघडल्यासारखा आडवा संकेत टोपोलॉजीशिवायही मिळतो. २० मायक्रोईव्हीची गॅप पन्नास मिलिकेल्विनच्या औष्णिक रुंदीच्या जेमतेम वर आहे, म्हणून ‘गॅप आहे’ आणि ‘गॅप नाही’ यांतली सीमारेषा कुठल्या उंबरठ्यावर आखली, यावर निकाल हलू शकतो. अशा विश्लेषणात उंबरठा दोन्हीकडे सरकवून निकाल कुठे उलटतो, तो आलेखही सोबत असावा.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच गटाने इंटरफेरोमीटरने एका झटक्यात पॅरिटी (इलेक्ट्रॉनांची संख्या सम की विषम ते) वाचल्याचे प्रसिद्ध केले. मोजणी म्हणून ते मोठे पाऊल आहे. पण पॅरिटी टिकून राहणे हे शून्याजवळच्या साध्या आंद्रेयेव्ह अवस्थेलाही जमते, आणि त्या लेखासोबत प्रसिद्ध झालेल्या परीक्षण-फाइलमध्ये संपादकांनी हे निकाल मायोराना शून्य अवस्थांचा पुरावा नसल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. वेगळेपण ठरवणारी पुढची मोजणी म्हणजे एकाच डिव्हाइसवर दोन वेगळ्या जोड्यांच्या पॅरिटी आळीपाळीने वाचणे आणि त्या निकालांचे परस्परसंबंध तपासणे. तेव्हाही टोकांच्या विभवाची हळुवारता मुद्दाम बदलून पाहावी लागेल, कारण वाइक आणि सहकाऱ्यांच्याच गणितानुसार, एकेका घटकाला वेगळे जोडता आले तर क्वासी-मायोराना वेणीबंधाच्या (मायोराना अवस्थांच्या जागांची अदलाबदल करण्याच्या) क्रियेतही खऱ्या मायोरानासारखीच वागू शकते.